लाल बावट्याची फाळणी आणि पाटनचा बांध

पाटण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सातारा जिल्हा येतो. कोयनेचे खोरे, डोंगरउतारावरची भातखाचरे, पावसाची झड. म्हणून जबलपूरला मामांकडे मुक्कामाला असताना ते सकाळी चहा घेताघेता म्हणाले, "चला, आज पाटनला जाऊन मटार घेऊन येऊ," तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो.

मामा हसले. "अरे, तुमचं 'ण'चं पाटण नव्हे. हे आमचं 'न'चं पाटन. तीस-पस्तीस किलोमीटर. दुपारच्या जेवणापर्यंत परत!"

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. मध्य प्रदेशची सरकारी एसटी २००५ सालीच बंद झाली, त्यामुळे खासगी बसने निघालो. जबलपूर मागे पडले की रस्ता वायव्येला वळतो आणि दोन्ही बाजूंना काळीभोर सपाट जमीन पसरते. धुके विरळ होऊ लागले तसे हिरवे पट्टे दिसू लागले. गहू, हरभरा आणि मधूनमधून मटार. जबलपूरच्या मटाराचे नाव आता दूरवर झाले आहे, आणि तो पिकवणाऱ्या भागांत पाटन तालुका अग्रेसर आहे. समोरून पोत्यांनी लादलेल्या गाड्या येत होत्या. बसमध्येही कोवळ्या शेंगांचा वास भरून राहिला होता.

पाटन हे तालुक्याचे गाव. एक लांबलचक बाजाररस्ता, तहसील कचेरी, बी-बियाण्यांची दुकाने, जिलेबीच्या कढया. जवळून हिरन नदी वाहते. तिच्या काठी कोनीजी हे दिगंबर जैनांचे जुने तीर्थक्षेत्र आहे, यात्रेकरू तिथे जाऊन येतात. एरवी पर्यटकाने मुद्दाम वाट वाकडी करून यावे असे इथे फारसे काही नाही. पण मामांना नुसते मटार घ्यायचे नव्हते. त्यांच्या बरोबर कारखान्यात काम केलेला एक मित्र निवृत्तीनंतर आपल्या गावी, पाटनजवळच, शेती करीत होता. त्याच्या ओसरीवर बसून गप्पा मारायच्या, हा खरा बेत होता.

फोटोतला काळा झेंडा

मामांचे आयुष्य खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात गेले. जबलपूर हे तसे कारखान्यांचे शहर. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा, खमरियाचा दुसऱ्या महायुद्धातला, १९४२ चा, आणि लष्करी वाहनांचा १९६९ चा. मुंबईच्या परळमधल्या चाळीतून मामा इथे नोकरीला आले आणि इथलेच झाले. आता ऐंशी ओलांडली तरी चालणे ताठ आहे.

मित्राच्या घरी भिंतीवर एक जुना कृष्णधवल फोटो होता. कामगारांची सभा, मधोमध एक झेंडा. आमच्या चिरंजीवांनी विचारले, "मामाआजोबा, झेंडा काळा का?"

"काळा नाही रे, लाल आहे. त्या वेळच्या फोटोत लाल रंग काळाच दिसायचा."

"म्हणजे तुम्ही कम्युनिस्ट होतात?"

मामा आणि त्यांचे मित्र दोघेही हसले. "सरकारी कारखान्यात पक्षाचं सभासद होता येत नसे. सहानुभूतीदार म्हण. पण कुठल्या कम्युनिस्टांचे, ते विचार! सगळी भानगड तिथंच आहे."

मटाराच्या शेंगा सोलता सोलता ती भानगड ऐकली. नंतर घरी येऊन जुनी पुस्तके चाळली, तेव्हा लक्षात आले की मामांच्या एका वाक्यात आपल्या देशाच्या पाऊण शतकाची एक दुखरी कहाणी दडली आहे.

एका काठीवर तीन झेंडे

सुरुवात करावी ती फेब्रुवारी १९४६ पासून. महायुद्ध संपले होते. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर भारतीय खलाशांनी बंड पुकारले. बंडवाल्या जहाजांवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे एकत्र फडकले. २२ तारखेला गिरणगावातले कामगार खलाशांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला. परळला कमल दोंदे ही कम्युनिस्ट कार्यकर्ती त्यात बळी पडली. मुंबईत दोनशेहून अधिक माणसे त्या दिवसांत प्राणाला मुकली.

ठिणगी जबलपूरपर्यंत पोचली. २७ फेब्रुवारीला इथल्या सैन्याच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातले दीड हजारांहून अधिक जवान हत्यार न उचलता बराकीतून बाहेर पडले आणि घोषणा देत शहरात आले. काही दिवसांत ते बंड मोडून काढण्यात आले. सात वर्षांपूर्वी याच शहराजवळ, नर्मदेच्या परिसरातल्या त्रिपुरीला, सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे वादळी अधिवेशन झाले होते. त्याची आठवण म्हणून बांधलेले कमानिया गेट आजही जबलपूरच्या भर बाजारात उभे आहे. तेव्हा डावे वारे या गावाला नवखे नव्हते.

पण एका काठीवरचे ते तीन झेंडे अठरा महिनेही एकत्र राहिले नाहीत. ऑगस्ट १९४७ मध्ये देश तुटला. मग लाल झेंड्याचे काय झाले?

देश वाटला, पक्षही वाटला

कम्युनिस्टांचे उत्तर सरळ होते आणि म्हणूनच विलक्षण होते. त्यांनी आपला पक्षही वाटून टाकला. याची बीजे आधीच पडली होती. १९४२ मध्ये डॉ. गंगाधर अधिकारी या मराठी नेत्याने एक मांडणी केली होती. हिंदुस्थानात अनेक राष्ट्रीयता आहेत आणि त्यांना स्वयंनिर्णयाचा, वेळ पडल्यास वेगळे होण्याचाही हक्क हवा, असे तिचे सार. पाकिस्तानच्या मागणीला त्यामुळे तात्त्विक आधार मिळाला, हा ठपका पक्षावर पुढे कायमचा बसला.

फेब्रुवारी-मार्च १९४८ मध्ये कलकत्त्याला पक्षाचे दुसरे अधिवेशन भरले. तिथे पूरणचंद जोशी यांच्या जागी बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले. हेही मराठीच. त्याच अधिवेशनात पाकिस्तानसाठी स्वतंत्र कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. त्याचे सरचिटणीसपद दिले गेले लखनौच्या सज्जाद झहीर यांना. प्रगतिशील लेखक चळवळीचे ते एक संस्थापक. ज्या प्रदेशाशी घरचा संबंध नाही, तिथे जाऊन पक्ष उभारायचा, असा हुकूम झाला आणि ते गेले. पत्नी रझिया, त्याही लेखिका, लहान मुलींना घेऊन लखनौत मागे राहिल्या.

पुढचे सारे कोणाच्याही घराला चटका लावणारे आहे. पाकिस्तानात सज्जाद झहीर भूमिगत राहिले. १९५१ मध्ये रावळपिंडी कटाच्या खटल्यात त्यांना अटक झाली. त्याच खटल्यात कवी फैज अहमद फैजही होते. काही वर्षे तुरुंगात गेली. १९५४ मध्ये पाकिस्तान सरकारने कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली. सुटका झाल्यावर सज्जाद झहीर १९५५ च्या सुमारास भारतात परतले. पक्ष वाटणे एका ठरावाचे काम होते. त्या ठरावाचा हिशेब लखनौच्या एका घराने सात-आठ वर्षे चुकता केला.

पूर्व पाकिस्तानातले हाल वेगळेच होते. नाचोलच्या शेतकरी लढ्यातल्या इला मित्र यांचा १९५० मध्ये पोलीस कोठडीत अमानुष छळ झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजशाहीच्या तुरुंगात गोळीबार होऊन सात राजबंदी मारले गेले. हा बंगाली पक्ष पुढे बांगलादेशाचा झाला. म्हणजे १९४७ चा एक पक्ष अखेर तीन देशांत विभागला गेला.

जर्मनी, कोरिया आणि आपण

महायुद्धानंतर तुटलेले देश आणखीही होते. जर्मनीचे पाहा. पूर्वेकडे एप्रिल १९४६ मध्ये कम्युनिस्ट आणि समाजवादी लोकशाहीवादी यांचे पक्ष एकत्र करून एक पक्ष झाला आणि त्याने १९८९ पर्यंत राज्य केले. पश्चिमेकडे त्याच कम्युनिस्ट पक्षावर १९५६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने बंदी घातली. कोरियातही तेच घडले. उत्तरेत पक्ष म्हणजेच सरकार, दक्षिणेत पक्षाचे नाव घेणे हा गुन्हा. एकीकडे सिंहासन, दुसरीकडे कोठडी. सामान्य कार्यकर्ता रेषेच्या कोणत्या बाजूला राहत होता, यावर त्याचे नशीब ठरले.

या जर्मन कहाणीला एक मराठी धागाही आहे. मघा उल्लेख झालेले डॉ. अधिकारी हे रसायनशास्त्राचे पदवीधर. पुढच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेले, तिथे डॉक्टरेट मिळवली आणि तिथल्याच कम्युनिस्ट पक्षात काम करू लागले. १९२८ च्या अखेरीस मायदेशी परतले आणि लगेच १९२९ मध्ये मीरत खटल्यात सापडले. ज्या पक्षात ते घडले तो पुढे दोन जर्मन्यांत फाटला आणि ज्या पक्षात ते परतले तो दोन देशांत.

आपल्याकडचा प्रकार मात्र निराळा. सीमेपलीकडे पक्षावर बंदी आली, तर अलीकडे त्याला मतपेटी मिळाली. १९४८ मध्ये रणदिव्यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने सशस्त्र उठावाची वाट धरली, तुरुंग भरले, काही प्रांतांत बंदीही आली. १९५१ मध्ये ती वाट सोडून पक्ष निवडणुकीत उतरला. १९५२ मध्ये लोकसभेत १६, १९५७ मध्ये २७ आणि १९६२ मध्ये २९ जागा मिळाल्या. १९५७ मध्ये केरळात नंबुद्रिपाद मुख्यमंत्री झाले. १९५९ मध्ये ते सरकार बरखास्त झाले, तरी पक्ष लोकशाहीच्या चौकटीतच राहिला.

'ण' आणि 'न'

"पण मग इथं, पाटनात, लाल बावटा का नाही?" आम्ही मामांना विचारले. भिंतीवर कमळ आणि पंजाच दिसत होते.

खरेच, दोन पाटणांची तुलना मोठी उद्बोधक आहे. 'ण'च्या पाटणच्या सातारा जिल्ह्यात बेचाळीसच्या लढ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. पुढे नाना पाटील कम्युनिस्ट झाले आणि १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत सातारा मतदारसंघातून त्याच पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेले. ठाणे जिल्ह्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वारल्यांना वेठबिगारीतून सोडवले. तिथे आजही लाल झेंड्याची मुळे आहेत.

'न'च्या पाटनला हे घडले नाही. जबलपूरची लोकसभेची जागा सेठ गोविंददास यांनी काँग्रेसतर्फे १९७४ मध्ये निधन होईपर्यंत राखली, आणि नंतरच्या पोटनिवडणुकीत विरोधकांचे संयुक्त उमेदवार शरद यादव जिंकले. हा भाग मालगुजारीचा. इथला मालगुजार १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, हक्क गमावून बसला. ज्याच्याविरुद्ध लढे उभारायचे तो निदान कागदावर तरी आधीच गेला होता. मामांचे मित्र आपल्या बुंदेली ढंगाच्या हिंदीत म्हणाले की लाल झेंडा कारखान्याच्या फाटकाशी भेटायचा, गावच्या वेशीवर नाही. सायकलवरून घरी येताना तो वाटेतच कुठे तरी राहून जाई.

एका घरात दोन भाषा

जबलपूरच्या मराठी माणसांची आणखी एक वाटणी झाली, तिची आपल्याला फारशी आठवण नसते. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली, जबलपूरला उच्च न्यायालय आले.

या दोन्ही शहरांत वावरलेला एक मोठा माणूस म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, कविता हिंदी, विचार मार्क्सवादी. ते जबलपूरला हितकारिणी शाळेत शिक्षक होते, १९४८ मध्ये नागपूरला गेले आणि १९५८ पासून राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवू लागले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नामवंत कवी आणि कादंबरीकार, तेही मार्क्सवादी. त्यांच्या कादंबरीत्रयीतल्या एकीचे नाव 'सरहद्द' आहे. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन भाषांत एकच स्वप्न पाहिले.

जबलपूरचे हरिशंकर परसाई हे मुक्तिबोधांचे जिवलग मित्र. त्यांच्या 'वसुधा' मासिकात मुक्तिबोधांचे लेखन येई. १९६२ मध्ये मुक्तिबोधांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. तो घाव त्यांना खोल लागला. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत ते गेले, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी.

ते वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी त्यांच्या स्वप्नातल्या पक्षाचे दोन तुकडे होत होते.

दोन मराठी माणसे, दोन पक्ष

१९६२ च्या चीन युद्धाने पक्षातली दरी उघडी पडली. मॉस्को की पेकिंग, काँग्रेसशी सहकार्य की विरोध, असे वाद विकोपाला गेले. ११ एप्रिल १९६४ ला राष्ट्रीय परिषदेतून ३२ सभासद बाहेर पडले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कलकत्त्याला त्यांचे वेगळे अधिवेशन झाले आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष जन्मला. श्रीपाद अमृत डांगे मूळ पक्षात राहिले, रणदिवे नव्या पक्षात गेले. दोघेही मुंबईच्या गिरणगावात वाढलेले नेते, एकेकाळचे तुरुंगसोबती. १९७० मध्ये कामगार संघटनाही फुटली. आयटक डांग्यांची, सीटू रणदिव्यांची.

देशाच्या फाळणीने जे झाले नव्हते ते इथे घराघरांत झाले. १९४८ ची वाटणी दूर सरहद्दीवरची होती. १९६४ ची चाळीच्या जिन्यावर आली.

मामांचे थोरले भाऊ परळला गिरणीत साचेवाले, डांग्यांचे निस्सीम अनुयायी. मामा रणदिव्यांचे लेख वाचणारे. १९६५ च्या गणपतीत मामा मुंबईला गेले, तेव्हा आरतीनंतर दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. 'दलाल' आणि 'फुटीर' असे शब्द निघाले. मामा दुसऱ्याच दिवशी जबलपूरला परतले. त्यानंतर लग्न-मुंजीच्या पत्रिका तेवढ्या येत-जात. त्यावर हळदकुंकू असे, मायन्याखाली ओळ नसे.

"किती वर्षं?" माझ्या पत्नीने हळूच विचारले.

"सव्वीस," मामा म्हणाले.

६ एप्रिल १९९० ला रणदिवे गेले. २२ मे १९९१ ला डांगे गेले, आणि तेही एकटे पडून. कारण १९८१ मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकले होते. डांगे गेल्याची बातमी वाचून मामांनी भावाला पोस्टकार्ड टाकले. 'तुझा माणूस गेला. वाईट वाटले.' आठवड्याने उत्तर आले. 'तुझाही गेला तेव्हा लिहायचे राहून गेले. मटाराच्या दिवसांत ये नाहीतर पाठव.'

त्या वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत युनियन विसर्जित झाले. मॉस्को की पेकिंग, हा वाद करायला मॉस्कोच जुने उरले नाही. मामांनी पाटनला येऊन पोतेभर मटार घेतले आणि स्वतः मुंबईची गाडी पकडली.

पाण्याची वाट

दुपारी शेतावर गेलो. हा सारा प्रदेश 'हवेली' म्हणून ओळखला जातो. इथली जुनी शेती पाहण्यासारखी. शेताला चारही बाजूंनी भक्कम मातीचे बांध घालायचे आणि पावसाळाभर पाणी शेतातच कोंडून ठेवायचे. तण कुजते, जमीन पोटभर पाणी पिते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वेगळे सिंचन लागत नसे. आता विहिरी, बोअर, भात आणि मटार आल्यामुळे ही रीत कमी झाली आहे, तरी बांध आहेत.

"वरच्या शेतातलं पाणी खालच्याच्या शेतातून जातं," मामांचे मित्र समजावून सांगत होते. "म्हणून बांध फोडण्याआधी खालच्याला विचारावं लागतं. भांडण असलं तरी त्या दिवशी बोलावं लागतं. नाही तर दोघांचीही पेरणी बुडते."

मामा काही बोलले नाहीत. बांधावर उभे राहून बराच वेळ पलीकडच्या शेताकडे पाहत होते.

आज दोन्ही पक्ष निवडणुकीत हातात हात घालून उभे राहतात. २००४ मध्ये दोघांचे मिळून ५३ खासदार होते, २०२४ मध्ये सहा. मामांच्या कारखान्याचेही रूप पालटले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. फोटोतली बहुतेक माणसे आता नाहीत. थोरले मामाही नाहीत.

जबलपूरला जाणारे आपण भेडाघाटचे संगमरवरी खडक आणि धुवांधार धबधबा पाहून परततो. तेही पाहावेच. मुंबईहून प्रयागराजमार्गे जाणाऱ्या गाड्या जबलपूरला थांबतात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा उत्तम असते. पण एक सकाळ हाती असेल तर पाटनच्या बसमध्ये बसा. हिवाळ्यात गेलात तर मटार स्वस्त आणि साखरेसारखे गोड मिळतील.

आम्ही निघालो तेव्हा मामांनी दोन पिशव्या हाती दिल्या. "एक तुमची. दुसरी परळला थोरल्याच्या सुनेकडे पोचवा. अजून त्या घरी मटारउसळ माझ्या मटारांचीच होते."

स्टेशनवर गाडी हलली तशी त्यांनी खिडकीशी येऊन पुन्हा बजावले, "आधी परळला जा हं. शेंगा सुकतात."